सरहद्दीवरचं रसग्रहण

अमेरिकेच्या व्हिसा-नियमांत सर्कशीला एक खास सूट आहे. परदेशातला एखादा बँड, वाद्यवृंद किंवा नृत्यपथक तिथे कार्यक्रम करायला निघालं, तर त्यातल्या निदान ७५ टक्के कलाकारांनी त्या संचात निदान एक वर्ष काढलेलं असावं, असा नियम आहे. सर्कशीला तो लागू नाही. झुल्यावरचा कसरतपटू कालपरवा तंबूत दाखल झालेला असला तरी चालतं. त्याचं नाव जगभर गाजलेलं असण्याचीही अट नाही. तो ज्या सर्कशीत निघाला आहे, ती मात्र देशभर नावाजलेली हवी.

पहिल्यांदा वाचताना गंमत वाटते. मग लक्षात येतं की हा नियम लिहिणाऱ्याला सर्कस कळत होती. सर्कस दर हंगामात नव्याने जुळते. एक झुलेवाला जातो, दुसरा येतो आणि खेळ तोच राहतो. बँडचं तसं नसतं. चौघांना एकमेकांच्या श्वासाची सवय लागलेली असते, म्हणून तो बँड असतो. हा फरक एखाद्या रसिकाने सांगितला असता तर आपण मान डोलावली असती. इथे तो परदेशी नागरिकांच्या प्रवेशाच्या नियमावलीत, कलम-उपकलमांच्या जंगलात लिहून ठेवला आहे.

पाहुणे कलाकार आणि खेळाडू यांच्यासाठीच्या तात्पुरत्या व्हिशांची सगळी नवलाई इथेच आहे. मोठा कलाकार कोणाला म्हणायचं? चार वादक एकत्र बसले की त्यांचा संच कधी होतो? एखादी कला अमक्या समाजाची आहे, हे ठरवायचं कसं? खेळणं हे काम आहे का? रसिक या प्रश्नांवर जन्मभर वाद घालतात आणि निकाल लागला नाही तरी कोणाचं बिघडत नाही. सरकारी कार्यालयाला ती सोय नाही. अर्ज आला, फी भरली गेली, कार्यक्रमाची तारीख ठरली, की उत्तर द्यावंच लागतं, होय किंवा नाही.

गायक सुटला, वादक अडकला

ही कटकट फार जुनी आहे. १८८५ साली अमेरिकी काँग्रेसने परदेशातून करार करून मजूर आणायला बंदी घातली. स्वस्तातले परदेशी कामगार आणून स्थानिकांची मजुरी पाडायची, हा कारखानदारांचा धंदा थांबवायचा होता. पण मग न्यूयॉर्कच्या नाट्यगृहात गायला येणाऱ्या युरोपियन गायिकेचं काय? तीही करार करूनच येते आणि पैसे घेते. म्हणून कायद्यातच अपवाद लिहिला गेला : व्यावसायिक नट, कलावंत, व्याख्याते आणि गायक यांना ही बंदी नाही. त्याच अपवादात घरगुती नोकरही होते. त्यामुळे ऑपेराची गायिका आणि तिचा घरगडी एकाच कलमातून अमेरिकेत शिरू शकत होते.

या यादीत गायक आहे, वादक नाही. मग हॉटेलात व्हायोलिन वाजवणारा कलावंत धरायचा की मजूर? हा प्रश्न पुढे इतका चिघळला की १९३२ साली काँग्रेसने खास वादकांसाठी वेगळा कायदा केला. वादक स्वतः विशेष गुणवत्तेचा असेल, किंवा तशा गुणवत्तेच्या वाद्यवृंदाचा सदस्य म्हणून येत असेल, तरच त्याला कलावंत म्हणायचं. १९५२च्या कायद्यात ही ‘विशेष गुणवत्ता आणि क्षमता’ अधिक रुंद झाली आणि एच-१ नावाच्या व्हिशाचा पाया बनली. त्यानंतर जवळजवळ चार दशकं परदेशी अभियंते, नर्तक आणि खेळाडू याच एका छत्रीखाली येत राहिले.

२९ नोव्हेंबर १९९० रोजी राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि वाटणी झाली. अभियंत्यांच्या वाट्याला एच-१बी आणि त्यावरची वार्षिक ६५ हजारांची मर्यादा आली. हे प्रकरण मराठी घरांना वेगळं सांगायला नको. कलाकार आणि खेळाडू यांच्यासाठी ‘ओ’ आणि ‘पी’ या दोन नव्या अक्षरांची सोय झाली. पी वर्गातल्या काही प्रकारांवरही आधी २५ हजारांची मर्यादा घातली होती. कलाक्षेत्रातून ओरड झाली आणि १९९१ मध्येच ती काढून टाकली गेली. त्यामुळे संगणक अभियंत्याला लॉटरीची धाकधूक असते, तबलजीला नसते. त्याच्यापुढची अडचण निराळ्या जातीची आहे.

कीर्तीचा पुरावा

ओ-१ हा असामान्य माणसांचा व्हिसा आहे. विज्ञान, शिक्षण, उद्योग आणि क्रीडा या क्षेत्रांत असामान्य म्हणजे आपल्या क्षेत्राच्या अगदी शिखरावर पोचलेल्या मोजक्यांपैकी एक. कलेच्या बाबतीत मात्र कायदा थोडा सैल होतो. तिथे ठळक वेगळेपण, नावाजलेलं असणं पुरतं. चित्रपट आणि दूरचित्रवाणी यांची पट्टी या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे. म्हणजे शास्त्रज्ञाला शिखर गाठावं लागतं, चित्रकाराचं शिखर दिसू लागलं तरी भागतं. याला एक शहाणपणही आहे. शंभर मीटर धावण्यात पहिला कोण हे घड्याळ सांगतं. भैरवी गाण्यात पहिला कोण हे सांगणारं घड्याळ कोणी बनवलेलं नाही.

मग मोजायचं कसं? ऑस्कर, एमी किंवा ग्रॅमीसारखा मोठा सन्मान मिळाला असेल किंवा त्यासाठी नामांकन असेल, तर विषय तिथेच संपतो. नसेल तर सहा प्रकारचे पुरावे सांगितले आहेत आणि त्यांतले निदान तीन लागतात. नावाजलेल्या प्रयोगात प्रमुख भूमिका, वर्तमानपत्रांतली समीक्षा, प्रतिष्ठित संस्थेसाठी केलेलं महत्त्वाचं काम, तिकीटविक्रीचं यश, जाणकारांची प्रशस्ती आणि इतरांपेक्षा जास्त मानधन, असे ते सहा. बारकाईने पाहिलं तर यातला एकही पुरावा कलेविषयी थेट काही बोलत नाही. अधिकारी गाणं ऐकायला बसत नाही. गाणं ऐकून इतरांनी काय केलं, हे तो कागदावर शोधतो : कोणी लिहिलं का, कोणी तिकीट काढलं का, कोणी जास्त पैसे मोजले का.

कागद इंग्रजीत नसेल तर पूर्ण भाषांतर जोडावं लागतं आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात, भाषांतर अचूक आहे, असं भाषांतरकाराला लिहून द्यावं लागतं. मराठी दैनिकाच्या रविवार पुरवणीत आलेलं नाट्यपरीक्षण त्यामुळे एकदम साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहतं. ‘पूर्वार्ध रेंगाळतो, पण नायिकेने प्रयोग उचलून धरला’ हे वाक्य लिहिताना समीक्षकाच्या मनात दुसऱ्या दिवशीचा वाचक असतो. काही वर्षांनी तेच वाक्य सातासमुद्रापार एका फायलीत नायिकेच्या बाजूने साक्ष देतं.

‘कलाकार’ या खात्यात कोण कोण मावतं, हीसुद्धा बघण्यासारखी यादी आहे. दिग्दर्शक आणि नृत्यदिग्दर्शक आहेतच. त्यांच्या जोडीला नेपथ्यकार, प्रकाशयोजनाकार, वेशभूषाकार, रंगभूषाकार, रंगमंच तंत्रज्ञ, दोरखंडाने नटांना हवेत उडवणारे उस्ताद आणि प्राण्यांना शिकवणारेही आहेत. पाककलाही कलेत धरली आहे. त्यामुळे नावाजलेला आचारी याच दाराने जाऊ शकतो.

एकट्याचा, संचाचा आणि मातीचा

ओ-१ प्रामुख्याने एकट्याचा. पी वर्गाचे तीन फाटे आहेत. पी-१ आंतरराष्ट्रीय ख्यातीच्या खेळाडूंसाठी, संघांसाठी आणि करमणुकीच्या संचांसाठी. इथे ख्याती संचाची मोजतात, त्यातल्या एकेकाची नाही. म्हणूनच सुरुवातीला सांगितलेला ७५ टक्क्यांचा हिशेब इथे येतो. ऐनवेळी ढोलकीवाला आजारी पडला आणि बदली माणूस घ्यावा लागला, तर एक वर्षाच्या अटीतून सवलत मिळू शकते. एकट्याने गाणाऱ्याला मात्र पी-१च्या करमणूक शाखेत जागा नाही. त्याने ओ-१ कडे वळायचं.

पी-२ हा अदलाबदलीचा, तर पी-३ ‘सांस्कृतिकदृष्ट्या अनन्य’ कार्यक्रमांचा. त्याच्याकडे थोड्या वेळाने येऊ.

कलाकार कधी एकटा निघत नाही. त्याच्यामागे वऱ्हाड असतंच. त्यासाठी प्रत्येक प्रकाराला साहाय्यकांची शेपटी जोडलेली आहे. पण साहाय्यक म्हणून यायचं तर ते काम अमेरिकेतल्या माणसाला सहज जमणार नाही आणि त्याच्याविना प्रयोग होणार नाही, हे दाखवावं लागतं. संगीत नाटकाची मंडळी निघाली आहे असं समजा. सामान उचलायला माणसं तिथे मिळतील. पण दोन प्रवेशांच्या मधल्या मिनिटा-दोन मिनिटांत नायिकेला नऊवारी नेसवून पुन्हा विंगेत उभी करणारी बाई तिथे कुठून आणणार? आपण जिला पडद्यामागची म्हणतो, तिचं कसब कायद्याच्या भाषेत नीट बसतं.

अर्ज स्वतः कलाकाराला करता येत नाही. तो अमेरिकेतल्या आयोजकाने, मालकाने किंवा एजंटाने करायचा. सोबत करार आणि कुठे, कधी, काय सादर होणार याचं वेळापत्रक जोडायचं. आणखी एक कागद फार मोलाचा आहे : त्या क्षेत्रातल्या अमेरिकी संघटनेचं मत. वादक असेल तर संगीतकारांची संघटना, नट असेल तर नटांची. हे मत सल्ल्यापुरतं असतं, बंधनकारक नसतं. पण ते विचारावं लागतं. ज्यांच्या पोटावर पाय येण्याची शक्यता आहे, त्यांनाच ‘हा पाहुणा तुम्हाला चालेल का?’ असं विचारणारे व्हिसाचे नियम फारसे सापडत नाहीत.

आणि एक तरतूद तर वाचून थांबायला लावते. करार संपण्याआधी मालकाने पाहुण्याला कामावरून काढलं, तर त्याच्या परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च मालक आणि अर्जदार या दोघांनी उचलायचा. परदेशात अडकून पडलेल्या नाटक मंडळ्यांच्या, मॅनेजर पेटी घेऊन पळाल्याच्या गोष्टी रंगभूमीच्या जगात जुन्या आहेत. हे कलम लिहिणाऱ्यांनी त्या ऐकल्या असाव्यात असं वाटतं.

एक बँड द्या, एक बँड घ्या

पी-२ची मुळं समजायला अटलांटिकच्या दोन्ही तीरांवरचं एक लांबलेलं भांडण पाहावं लागतं. अमेरिकेतल्या संगीतकारांच्या संघटनेला ब्रिटिश बँड आपल्या देशात नको होते. ब्रिटिश संघटनेने उलट मागणी केली की मग अमेरिकी बँडही इथे नकोत. १९३५ पासून ब्रिटनच्या कामगार मंत्रालयाने अमेरिकी बँडना परवाने देणं जवळजवळ बंद केलं. जॅझ ऐन भरात होता आणि लंडनच्या रसिकांना तो तबकड्यांवरून ऐकावा लागत होता.

नोव्हेंबर १९४९ मध्ये सिडनी बेशे हा न्यू ऑर्लिन्सचा थोर सॅक्सोफोनवादक लंडनमध्ये होता. वाजवण्याचा परवाना त्याच्याकडे नव्हता. विंटर गार्डन थिएटरमध्ये हम्फ्री लिटलटन यांच्या बँडचा कार्यक्रम होता आणि बेशे प्रेक्षकांत बसलेला होता. त्याच्या उपस्थितीची घोषणा झाली. मग तो रंगमंचावर आला आणि त्याने वाजवलं. रसिकांची चैन झाली. आयोजकांवर खटला भरला गेला.

ही कोंडी १९५६ साली फुटली, तीसुद्धा वस्तुविनिमयाने. स्टॅन केंटन यांचा अमेरिकी वाद्यवृंद ब्रिटनमध्ये आला आणि त्याच्या बदल्यात टेड हीथ यांचा ब्रिटिश वाद्यवृंद अमेरिकेत गेला. जितकी डोकी इकडे, तितकी तिकडे. सुरांची ही देवाणघेवाण मालाच्या गोणींसारखी मोजली गेली, तरी दोन्हीकडच्या श्रोत्यांना अखेर खरेखुरे वादक समोर बसून ऐकता आले.

पी-२ हा या विचाराचा आजचा वारस म्हणता येईल. अमेरिका आणि कॅनडा यांच्या संगीतकार संघटनांमध्ये, तसंच अमेरिकी नटसंघटना आणि तिच्या कॅनडियन व ब्रिटिश भगिनी यांच्यामध्ये असे अदलाबदलीचे करार आहेत. हवाई कसरती करणाऱ्या वैमानिकांचाही एक आहे. भारतीय कलाकाराच्या वाट्याला हा दरवाजा येत नाही, कारण बदल्यात घ्यायला-द्यायला तसा करारच नाही.

बक्षीस की पगार?

खेळाच्या बाबतीत तर्क आणखी वळणं घेतो. परदेशी गोल्फपटू अमेरिकेत स्पर्धा खेळायला आला, त्याला पगार वगैरे काही नाही आणि मिळालं तर फक्त बक्षिसाचं धन मिळणार असेल, तर त्याला कामाचा व्हिसा लागत नाही. व्यवसायासाठी येणाऱ्या पाहुण्याचा साधा बी-१ पुरतो. दहा लाख डॉलरचं बक्षीस जिंकून तो परत गेला, तरी कायद्याच्या नजरेत तो कामाला लागलेला नव्हता. उलट एखाद्या क्लबात महिन्याला तुटपुंजा पगार घेऊन खेळणारा मात्र कामगार. बक्षीस नशिबाच्या आणि कौशल्याच्या भरवशावर असतं, पगार कराराच्या. रेषा ओढली आहे ती पैशाच्या आकारावर नाही, पैसा येण्याची खात्री आहे की नाही यावर.

संगीतातही असाच एक कोपरा आहे. परदेशी वादकाला केवळ अमेरिकेतला स्टुडिओ वापरून ध्वनिमुद्रण करायचं असेल, ते अमेरिकेबाहेरच वितरित होणार असेल आणि तो एकही जाहीर कार्यक्रम करणार नसेल, तर तोही बी-१वर येऊ शकतो. त्याच स्टुडिओतून बाहेर पडून कोपऱ्यावरच्या क्लबात पैसे घेऊन एक गाणं वाजवलं, की प्रकरण बदललं.

बेसबॉलची गोष्ट वेगळी. मोठ्या लीगमधले परदेशी खेळाडू पी-१वर येत. त्यांच्याखालच्या छोट्या लीगमध्ये घडणारे उमेदवार एच-२बी या हंगामी कामगारांच्या व्हिशावर येत. म्हणजे उद्याचा तारा आणि हॉटेलात खाटा लावणारा किंवा बागकाम करणारा हंगामी मजूर, हे वर्षाला ६६ हजारांच्या एकाच रांगेत उभे. डिसेंबर २००६ मध्ये कायदा बदलला आणि छोट्या लीगच्या खेळाडूंना पी-१ खुला झाला. त्याच कायद्याने बर्फावर नाट्यप्रयोग करणाऱ्या स्केटिंगपटूंचीही सोय केली. २०१३ मध्ये याच वर्गाने आणखी एक पाऊल टाकलं. ‘लीग ऑफ लीजेंड्स’ हा संगणकावरचा खेळ खेळणारा कॅनडाचा डॅनी ले याला खेळाडू म्हणून पी-१ची मान्यता मिळाली. घाम न गाळता खुर्चीत बसून खेळणारा क्रीडापटू असतो का, यावर घरोघरी आईबाप आणि मुलं भांडत होती. व्हिसाचे अर्ज तपासणाऱ्या कार्यालयाने आपल्यापुरता निकाल मुलांच्या बाजूने दिला.

ब्रिटनने फुटबॉलसाठी अगदी वेगळी पट्टी वापरली आणि तिचा फटका एका भारतीयाला बसला. २००९ साली सुनील छेत्री याला लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्स क्लबने करारबद्ध केलं. पण तेव्हाच्या नियमानुसार खेळाडूचा देश फिफाच्या क्रमवारीत पहिल्या ७० मध्ये असायला हवा होता. भारत त्याच्या आसपासही नव्हता. परवाना नाकारला गेला. छेत्री किती चांगला खेळतो, हा प्रश्नच उरला नाही. त्याचे बाकीचे दहा सहकारी आणि त्यांच्यामागचा देश कसा खेळतो, यावर त्याचं भवितव्य ठरलं. पुढच्याच वर्षी, मार्च २०१० मध्ये, तो अमेरिकेच्या मेजर लीग सॉकरमधल्या कॅन्सस सिटी विझार्ड्समध्ये दाखल झाला. पाय तेच, कौशल्य तेच. एका सरहद्दीवर अडलेला खेळाडू दुसरीवरून पार झाला. ब्रिटनने २०२१ पासून गुणांची पद्धत आणली. आता आंतरराष्ट्रीय सामन्यांबरोबर क्लबासाठी मैदानावर घालवलेली मिनिटं आणि लीगचा दर्जा यांचेही गुण मिळतात, आणि १५ गुण झाले की दार उघडतं.

ही कला कोणाची?

आता पी-३. आपल्याकडचे शास्त्रीय गायक-वादक, कथकचे नर्तक, लोककलांचे संच अमेरिकेत जातात ते बऱ्याचदा याच व्हिशावर. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन दर दोन वर्षांनी उत्तर अमेरिकेत भरतं. त्याच्याभोवती नाटकांचे, गाण्यांचे दौरे आखले जातात. त्यामुळे मराठी कलाजगताला हा व्हिसा ऐकून तरी ठाऊक असतो.

याची अट विलक्षण आहे. सादर होणारी कला एखाद्या विशिष्ट देशाची, समाजाची, वर्गाची, वंशाची, धर्माची, जमातीची किंवा अन्य लोकसमूहाची स्वतःची अशी असली पाहिजे, आणि दौऱ्यातले सगळे कार्यक्रम त्याच कलेचे असले पाहिजेत. पुरावा म्हणून जाणकारांची पत्रं लागतात. या कलाकाराचं कसब अस्सल आहे आणि मला हे कसं ठाऊक, असं दोन्ही त्यांनी लिहायचं.

पण ‘स्वतःची’ म्हणजे किती शुद्ध? हा प्रश्न लॉस एंजेलिसच्या स्कर्बॉल कल्चरल सेंटर या संस्थेने निमंत्रण दिलेल्या एका बँडमुळे ऐरणीवर आला. बँड अर्जेंटिनाचा, नाव ऑर्केस्ता केफ. पूर्व युरोपातले ज्यू आपल्या लग्नसमारंभांत जे क्लेझमर संगीत वाजवत, ते घेऊन त्यांचे वंशज दक्षिण अमेरिकेत गेले. तिथल्या लॅटिन ताला-सुरांत ते मिसळलं आणि त्यातून या बँडचा बाज तयार झाला. अर्ज तपासणाऱ्या कार्यालयाने नकार दिला. त्याचा तर्क असा की हे मिश्रण आहे, आणि मिश्रण कोणा एका समाजाचं स्वतःचं कसं असेल?

प्रकरण वरच्या अपील कार्यालयापुढे गेलं आणि मे २०१२ मध्ये निकाल आला. कायद्यातली व्याख्या परंपरागत कलेपुरती नाही, दोन संस्कृतींच्या संकरातून जन्मलेली कलाही एखाद्या लोकसमूहाची अनन्य कला असू शकते, असं त्यात ठरलं. मात्र तसा पुरावा हवा. अर्जेंटिनातल्या ज्यू समाजाचा अनुभव या संगीतात कसा उतरला आहे, हे जाणकारांच्या पत्रांनी दाखवलं होतं. व्हिसा मंजूर झाला आणि हा निकाल पुढच्या सगळ्या अर्जांसाठी दाखला ठरला.

हा निकाल मराठी डोळ्यांनी वाचला की नाट्यसंगीत आठवल्याशिवाय राहत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आणलं ते पारशी नाटकाचा प्रयोग पाहून मिळालेल्या प्रेरणेतून. कथा कालिदासाची, चाली कुठे कीर्तनाच्या, कुठे कर्नाटकातून आलेल्या. पुढे बालगंधर्वांच्या साथीला ऑर्गन वाजू लागला, तो युरोपातून आलेला. गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा होते. एवढ्या दिशांनी आलेलं पाणी एकत्र झालं आणि जे तयार झालं ते फक्त मराठी माणसाचं. शुद्धतेची चाळणी लावली तर यातलं काहीच उरणार नाही, आणि न लावली तर याच्याइतकं मराठी दुसरं काही सापडणार नाही.

अमेरिकी बाबूंना हसण्याआधी आपल्या बाबूंचीही आठवण ठेवावी. हार्मोनियमचा जन्म एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्सचा. तो भारतीय संगीताला साजेसा नाही, या कारणाने १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने त्याच्यावर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत चालली. म्हणजे घराघरांत, भजनी मंडळांत, नाटकात रुजलेली पेटी आपल्याच आकाशवाणीच्या दारावर तीन दशकं परकी म्हणून उभी होती. केफच्या अर्जावर पहिला शेरा मारणारा अधिकारी आणि ते रेडिओचे अधिकारी एकाच चुकीत सापडले. कलेचा जन्मदाखला मागितला, आणि ती कुठे वाढली हे विचारायचं राहून गेलं.

ज्याचं नाव छापून येत नाही

ही सगळी यंत्रणा आता महागही झाली आहे. १ एप्रिल २०२४ पर्यंत अशा अर्जाची मूळ फी ४६० डॉलर होती. त्या दिवसापासून पी वर्गासाठी ती १,०१५ आणि ओ वर्गासाठी १,०५५ डॉलर झाली. छोट्या आणि ना-नफा संस्थांना सवलत आहे. एका अर्जात जास्तीत जास्त २५ नावं घालता येतात. त्यामुळे तीस जणांची मंडळी निघाली की दोन अर्ज. त्यानंतर मुंबईच्या कॉन्सुलेटमधली मुलाखत आणि तिथली फी आहेच. हौसेने चालणाऱ्या मंडळांच्या खजिनदारांना हा हिशेब झोंबतो.

पण पैशापेक्षा खोल असा एक भेद या व्यवस्थेत दडलेला आहे आणि तो मला सगळ्यांत नवलाचा वाटतो. ओ-१ आणि पी-१ तुमचं नाव किती लांब पोचलं ते विचारतात. पी-३ ते विचारतच नाही. तिथे तुमची मुळं किती खोल आहेत, एवढंच दाखवायचं. पुण्यातला चांगला, पण अजून परदेशात नाव न झालेला रॉक बँड पी-१च्या दारात अडखळेल. तुळजाभवानीचा गोंधळ घालणारा, ज्याचं नाव कधी वर्तमानपत्रात आलं नाही, असा गोंधळी पी-३साठी तत्त्वतः पूर्ण पात्र आहे. कीर्तीवर उभ्या असलेल्या कायद्याने कीर्ती नसलेल्यासाठी एक दार मुद्दाम वेगळं ठेवलं आहे.

फक्त त्या दारातही कागद लागतो. त्याचं गाणं अस्सल आहे, हे कोणीतरी अभ्यास करून, नाव-पत्त्यानिशी लिहून दिलेलं लागतं. अभ्यासकाचा लेख, विद्यापीठाचा प्रबंध, जत्रेतल्या रात्रीविषयी पुरवणीत आलेला मजकूर, यांतलं काहीतरी. आपल्याकडे मैफिलीची किंवा प्रयोगाची दखल आता फोनवरच्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीत घेतली जाते. तिला हजारो अंगठे मिळतात. पण गोंधळाची मांडणी कशी असते, संबळ कुठे बदलतो, हा माणूस ते कोणाकडून शिकला, हे त्या अंगठ्यांतून कोणाला कळत नाही. गावातल्या गोंधळ्याजवळ बसून त्याच्या कलेविषयी चार पानं नीट लिहिणारा माणूस त्याला केवळ दाद देत नसतो. उद्या कोणी त्याला शिकागोला बोलावलं, तर त्याच्या अर्जाला लागणारा पहिला पुरावा तो आज तयार करत असतो.